पाचव्या ओळीचं पान

गडमुडशिंगी,
३ ऑगस्ट २००७

चि. पवित्रा हिस शिवलिंगमामाचे आशीर्वाद.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं जुळवतो. मागं तू "मांजर व्याली" म्हणालीस आणि मी तुझ्या आईला "पवित्राकडं पाळणा हलला" म्हणून पेढे वाटायला लावले. तेव्हा कागदच बरा.

काम असं आहे. जूनमध्ये मी एक वेबसाइट करवून घेतली. हसू नकोस. आपल्या गल्लीतला सम्राट कोल्हापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, त्यानं केली. साइट प्रभूची आहे. प्रभुलिंग, माझा पाठचा भाऊ, तुझा धाकटा मामा. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तुझ्या आईनंही आठव्या वर्षापर्यंतच पाहिला. १९५० च्या जूनमध्ये गगनबावड्याच्या घाटात धुक्यात तो आमच्यापासून सुटला, अकरा वर्षांचा असताना, आणि अजून मिळालेला नाही. पोलीस झाले, वर्तमानपत्रं झाली, कोकणातले मठ आणि आश्रमशाळा झाल्या. आता हेच उरलं होतं. सम्राट म्हणाला, "सर, जगात कुठंबी बसून मानूस नाव टाइप करतोय की, लगेच घावतंय."

दोन महिने झाले. मी क्लासमध्ये जाऊन स्वतः प्रभूचं नाव टाइप केलं. काहीही येत नाही. साताऱ्याचा कुणी खतविक्रेता येतो, पण प्रभू येत नाही. तू बेंगळूरला याच कामाचा पगार घेतेस असं तुझी आई, शांतव्वा, म्हणाली. जरा बघशील का?

तुझा
शिवलिंगमामा

*

बेंगळूर,
१२ ऑगस्ट २००७

ती. मामांस पवित्राचा सा. नमस्कार.

हसले नाही. पेढ्यांवरून मात्र अजून हसते आहे.

साइट बघितली. सम्राटनं जीव ओतून केली आहे, पण सर्च इंजिनला ती दिसूच शकत नाही. तुम्ही मास्तर, म्हणून कारणं नीट सांगते.

पहिलं कारण अक्षरांचं. त्यानं जुना मराठी फॉन्ट वापरला आहे. त्यात आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी कपडे चढवतो. माणसाला कपडे दिसतात. इंजिनला दिसत नाहीत, त्याला आतला कचराच वाचता येतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला हवा, ते मी केलं.

दुसरं. साइट बांधताना सम्राटनं एक छोटी फाईल ठेवली होती, "इंजिननं आत येऊ नये" सांगणारी. बांधून झाल्यावर ती काढायची असते. त्यानं काढलीच नाही. सगळे तसेच विसरतात, मोठ्या कंपन्यांचेही लोक.

तिसरं, एकच साइट दोन पत्त्यांवर उघडत होती, त्यामुळे इंजिनला दोन वाटायच्या. एक पत्ता दुसऱ्याकडे वळवला. आणि सगळ्या पानांची यादी इंजिनला पाठवली.

एक विचारायचं आहे. तुम्ही कवितेची एकेक ओळ एकेका पानावर का ठेवली? पहिल्या पानावर पहिली, दुसऱ्यावर दुसरी, अशी चार पानं. एवढी उपाशी पानं इंजिनला आवडत नाहीत. एकत्र करू का?

आणि एक गंमत. साइटवर कोण केव्हा आलं, कोणतं पान मागितलं, याची नोंदवही असते. दोन महिन्यांत तुमच्याकडं कुणीच आलेलं नाही. फक्त रोज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी एकदा पाचवं पान मागतं. पाचवं पान नाहीच, म्हणून त्याला "सापडत नाही" असं उत्तर जातं. आमच्याकडं त्या उत्तराला चारशेचार म्हणतात. चौथ्या पानाखाली "पुढे" असं बटण आहे, त्याला धरून एखादं यंत्र जात असणार. बटण काढलं. काळजी नसावी.

आपली,
पवित्रा

*

गडमुडशिंगी,
२५ ऑगस्ट २००७

चि. पवित्रा,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवावं असं आहे. दोन महिने ते इंजिन माझ्या प्रभूच्या नावाच्या जागी चिन्हांचा कचरा वाचत होतं, हे वाचून भाकरी तशीच टाकून उठलो. एवढ्या वर्षांनी त्याला हाक मारली, तीही कुणाला कळू नये अशा भाषेत!

तू इंजिनचं वर्णन केलंस त्यावरून मला आमच्या लहानपणचा दिपोटी आठवला. शाळा तपासायला येणारा साहेब. केव्हा येईल नेम नाही, सगळे वर्ग फिरणार, फळा बघणार, हजेरी बघणार, आणि त्यानं वहीत लिहिलं तरच वर शाळेचं नाव. आम्ही मात्र दारावर "आत येऊ नये" लावून बसलो होतो.

पानं एकत्र करू नकोस. कविता अशीच शिकायची असते. मास्तरानं फळ्यावर एक ओळ लिहायची, पोरांनी म्हणायची, पुसायची, मग पुढची. पस्तीस वर्षं मी तशीच शिकवली. अजूनही दुपारी डोळा लागला की साठ पोरं एका सुरात म्हणताना ऐकू येतात आणि खडूचा वास येतो. आता शाळेत म्हणे छापील कागद वाटतात.

ही कविता कुठल्या पुस्तकातली नाही. प्रभूनं केली, दहाव्या वर्षी.

धुकं आलं डोंगरावरून,
वाट गेली पायाखालून,
झाड न्हाय, घर न्हाय,
कोण हाय रं, कोण हाय?

उसाच्या फडात आमचा खेळ होता. एकानं आत शिरून हरवायचं आणि एका जागी उभं राहून या चार ओळी ओरडायच्या. दुसऱ्यानं बाहेरून पाचवी ओळ ओरडायची आणि आवाजाच्या रोखानं जाऊन त्याला गाठायचं. पाचवी मी साइटवर मुद्दाम दिली नाही. उद्या कुणी "मीच प्रभुलिंग" म्हणत आला तर ओळख पटवायला काही हवं ना?

चार-वीसचं ते यंत्र भारी वेळ पाळणारं दिसतं.

मामा

*

बेंगळूर,
२१ सप्टेंबर २००७

ती. मामा,

आनंदाची बातमी. "प्रभुलिंग गगनबावडा" टाइप केलं की आता तुमचं पान पहिलं येतं. खतविक्रेता तिसरा गेला. चार ओळींतली कुठलीही टाकली तरी येतं. दिपोटी येऊन वहीत नाव लिहून गेला म्हणायचा.

पाचव्या पानाचं मात्र जमलं नाही. "पुढे" बटण काढून महिना झाला. यादीत ते पान नाही, कुठल्याही साइटवरून त्याच्याकडं रस्ता जात नाही, मी शोधून पाहिलं. तरी रोज चार-वीसला मागणी येते. यंत्र असलं तर ते आपलं नाव सांगतं. हे सांगत नाही. कुठून आलं तो पत्ता नोंदवहीत असतोच असतो. तिथं नुसती एक आडवी रेघ आहे. नऊ वर्षांत अशी नोंद मी पाहिलेली नाही. आमच्या साहेबांना दाखवली तर म्हणाले, सर्व्हरचा बिघाड. बिघाड कधी घड्याळ लावून होतो का?

पवित्रा

*

गडमुडशिंगी,
१८ ऑक्टोबर २००७

चि. पवित्रा,

साइट दिसू लागल्यापासून पत्रं येतात. शाहूवाडीच्या एका बाळासोनं ई-मेल केला, "मास्तर, मीच तुमचा प्रभू, मला सगळं आठवाय लागलंय." मी सम्राटला म्हटलं, विचार त्याला पाचवी ओळ. उत्तर आलं : "कोण हाय रं, कोण हाय? मी हाय, च्या ठेवलाय काय?" सम्राट खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसलो. घरी येऊन मात्र बसलो तो दिवा लावायचंही भान राहिलं नाही. यमक बरोबर जुळवलं होतं गड्यानं.

दिवाळीला तुझ्या आईला कॉम्प्युटर घेऊन देणार आहेस असं कळलं. छान करते आहेस. निपाणीत एकटीला करमणूक.

त्या रेघेचा फार विचार करू नये. तूही करू नकोस.

मामा

*

बेंगळूर,
२४ नोव्हेंबर २००७

ती. मामा,

हे पत्र साइटचं कमी आणि घरचं जास्त आहे. दिवाळीनंतर आईला दोनदा धाप लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपायचं. मी तिला इकडं आणते आहे. तिनं एकच धरलं आहे : प्रभूमामाच्या नावानं शेतात समाधीचा दगड बसवायचा, तिच्या डोळ्यांदेखत. मठाच्या स्वामींनीही सांगितलं म्हणे, इतक्या वर्षांनी हरकत नाही. तुम्ही दर वेळी विषय टाळता. का मामा?

पाचव्या पानाच्या मागण्या दिवाळीपासून दोन झाल्या आहेत. दोन्ही चार-वीसला, काही सेकंदांच्या अंतरानं. एकीपुढं निपाणी भागातला पत्ता आहे, दुसरीपुढं तीच रेघ.

यावर एक उपाय आहे, तो तुमच्या परवानगीशिवाय करवत नाही. नसलेलं पान कुणी मागितलं की दोन उत्तरं देता येतात. एक चारशेचार, "सापडत नाही". ते मिळालं की मागणारा पुन्हा येऊन बघतो, न जाणो सापडलं असेल. दुसरं चारशेदहा, "कायमचं गेलं, शोधू नका". ते मिळालं की इंजिनसुद्धा वहीतून नाव काढतं आणि पुन्हा येत नाही. पाचव्या पानाला चारशेदहा लावू का?

पवित्रा

*

गडमुडशिंगी,
५ डिसेंबर २००७

पवित्रास,

लावू नकोस.

तुमच्या यंत्रांना घाई असेल, मला नाही. सत्तावन्न वर्षं मी "सापडत नाही" म्हणतो आहे. दगड बसवणं म्हणजे तुझं ते चारशेदहाच. शांतव्वाला म्हणावं, तब्येतीला जप. दगड कुठं पळून जात नाही.

त्या दिवशी घाटात मला काही ऐकू आलं नव्हतं, हे मी तुझ्या आजोबांना, आप्पांना, सांगितलं, पोलिसांना सांगितलं, अव्वाला, तुझ्या आजीला, तर ती जाईपर्यंत सांगितलं. तू विचारलं नाहीस तरी तुलाही सांगून ठेवतो.

शिवलिंग

*

बेंगळूर,
१३ जानेवारी २००८

ती. मामा,

तुमच्या पत्रावर रागावले होते म्हणून महिना गेला. आता राग राहिला नाही, भीती वाटते आहे. क्रमानं सांगते.

आईला इकडं आणून तीन आठवडे झाले. परवा कचेरीत नोंदवही उघडली, तर दोनांपैकी एका मागणीसमोरचा निपाणीचा पत्ता जाऊन बेंगळूरचा आला होता. तो माझ्या घरचा होता, मामा. माझ्या हॉलमधून कुणीतरी रोज चार-वीसला पाचवं पान मागत होतं.

काल रजा काढून घरी बसले. चार वाजता आई उठली, तोंड धुतलं, विभूती लावली, कॉम्प्युटरसमोर बसली. चौथं पान उघडून वरच्या पत्त्यातल्या चाराचा पाच केला. मीच तिला ते शिकवलं होतं, नातवंडांचे फोटो बघायला. "सापडत नाही" आलं. तिनं पडद्याला हात लावला आणि बंद करून चहा ठेवायला गेली.

मी विचारलं तर म्हणाली, कागद दे. तिनं लिहिलेलं सोबत जोडते आहे. मी वाचलं नाही. पाकीट तिनंच चिकटवलं.

एवढंच मी तिला विचारलं, "हे कधीपासून करतेस?" म्हणाली, "तू डबडं आणून दिलंस तवापासनं. दिवाळीपासनं."

पण मामा, पहिली मागणी जूनमधली आहे. साइट झाली त्या दिवसापासूनची.

पवित्रा

(सोबतची चिठ्ठी)

आण्णास शांतव्वाचा शरणार्थी नमस्कार.

मला चांगलं लिवता येत न्हाय, तूच शिकवलंस तेवढं. त्या दिवशी मी गाडीत हुते. गुळाच्या ढेपांवर, पोतं पांघरून. तुमी सगळे मला झोपली म्हनत हुता. मी झोपले नव्हते आण्णा. धुक्यात काय दिसत नव्हतं, पन तू चाकाला टेकून हुबा हुतास, तुझं तोंड मला दिसत हुतं.

प्रभू तीनदा वरडला. मला ऐकू आलं. तुला बी आलं.

मी आठ वर्साची, कुनाला काय सांगनार. मग तू मास्तर झालास, सगळे तुला मान द्यायले, मग कसं सांगनार. तुझ्यावर राग न्हाय. रोज बघतीया, आज तरी आण्णा बोलतोय काय. तू आदी बोल. मग दगड बशीव. मी तवर ऱ्हाते.

शांतव्वा

*

गडमुडशिंगी,
९ फेब्रुवारी २००८

चि. पवित्रा,

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. शेवटचा परिच्छेद सोडून. तो तुझ्यापुरता.

त्या वर्षी परीक्षेआधी शाळेत दिपोटी आला होता. साहेबानं विचारलं, कविता कोण म्हणतो? मी सातवीत, सगळ्या कविता तोंडपाठ, मी हात वर केला. पण चौथीतला प्रभू आधीच उभा होता आणि त्यानं आपलीच म्हटली, धुक्याची. साहेबानं त्याला जवळ घेतलं, खिशातली पेन्सिल दिली आणि मास्तरांना म्हणाला, हा पोरगा पुढं नाव काढील. मला कुणी खाली बसायलाही सांगितलं नाही. हात वर करून मी तसाच उभा होतो. पवित्रा, ती पेन्सिल लाल होती.

जूनमध्ये आप्पा गुळाची शेवटची खेप घेऊन निघाले, घाट पावसानं बंद व्हायच्या आत. आम्ही तिघंही गाडीत. गगनबावड्याच्या पुढं धुकं एवढं, की बैलांची शिंगं दिसत नव्हती. आप्पांनी गाडी थांबवली. प्रभूच्या गळ्यातला शिवदार, इष्टलिंग बांधायचा दोरा, वाटेत तुटला होता, म्हणून त्याचं लिंग त्यानं माझ्याकडं दिलं, "आण्णा, सांभाळ," म्हणून, आणि झऱ्यावरनं चरवी भरून आणायला गेला. दहा पावलांवर झरा.

मग त्यानं हाक दिली. चारही ओळी, खेळातल्यासारख्या. मला वाटलं, गंमत करतोय. मी गप्प राहिलो. घटकाभर त्यानं भ्यावं, एवढंच मनात होतं. दुसरं काही नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. दुसऱ्यांदा हाक आली ती डावीकडून, आवाज बारीक झाला होता. मी तोंड उघडलं आणि ती पेन्सिल आठवली. तिसऱ्यांदा फक्त चौथी ओळ आली, खालून, दरीच्या अंगानं. "कोण हाय रं, कोण हाय?" आप्पांनी घड्याळ काढून बघितलं. म्हणाले, चार-वीस झाले, पोरगं अजून कसं न्हाय? मला विचारलं, "हाक आली काय रं?" मी म्हटलं, "न्हाय. मला ऐकू आलं न्हाय."

पाचवी ओळ मी ओळख पटवायला दडवली, असं तुला लिहिलं होतं. खोटं लिहिलं. पुढं पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेकडो कविता शिकवल्या, पण ती एक ओळ माझ्या तोंडून निघत नाही. ती अशी आहे :

मी हाय रं, तितंच ऱ्हाय!

तितंच ऱ्हाय. एवढं म्हटलं असतं तर तो उभा राहिला असता. खेळाचा नेमच होता तो. उत्तर येईना म्हणून तो मला शोधत गेला.

आज सकाळी सम्राटच्या क्लासमध्ये जाऊन पाचवं पान केलं. त्याला म्हटलं, तू बाहेर थांब, टाइप मी करतो. एका बोटानं केलं. शांतव्वाला सांग, आण्णा बोलला. ती म्हणेल तेव्हा दगड बसवू. प्रभूचं लिंग अजून माझ्याकडं आहे. माझ्या पूजेबरोबर रोज त्याचीही पूजा करतो, दार लावून. ते दगडाखाली ठेवू.

आता तुझ्यापुरतं. त्या खेळात आणखी एक शब्द होता. मी जाऊन प्रभूला गाठलं की तो माझ्या पाठीवर थाप मारून कानात म्हणायचा, "घावलास!" हरवलेला तो, आणि वर घावलास मला म्हणायचा. मी चिडायचो, तो हसायचा. ते कानातलं होतं, तेव्हा शांतव्वालाही ठाऊक नाही. कुणाला सांगू नकोस. का लिहिलं, मलाही कळत नाही.

मामा

*

बेंगळूर,
२ मार्च २००८

ती. मामा,

पत्र वाचून दाखवलं. आई पुरतं ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय, पेन्सिल लाल हुती." मग पदरानं तोंड पुसून चहा ठेवायला गेली. तुम्हाला चिठ्ठी लिहिल्यापासून ती कॉम्प्युटरपाशी गेलेलीच नाही. पत्र ऐकल्यावरही गेली नाही.

नोंदवहीत काय झालं ते सांगायचं की नाही, असं चाललं होतं मनात. तुम्ही पान केलंत ९ तारखेला सकाळी. त्या दिवशी चार-वीसला एकच मागणी आली. पत्त्याच्या जागी रेघ. आठ महिन्यांत पहिल्यांदाच "सापडत नाही"च्या ऐवजी पान गेलं. साधारण माणूस एक ओळ वाचायला किती वेळ घेईल? ही मागणी पानावर छत्तीस मिनिटं उघडी राहिली. मग बंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून एकही नाही. साहेब म्हणाले, "बघ, बिघाड आपोआप सुटला." मी हो म्हटलं.

आईला मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावी आणते. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे.

पवित्रा

*

बेंगळूर,
२३ मे २००८

ती. मामा,

गावाहून परतलो. आई त्या दिवसापासून शांत झोपते. तुम्ही दगडाखाली लिंग ठेवताना तिनं तुमच्या हातावर आपला हात ठेवला, तेवढं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मामा, साइटची नोंदवही मी आता बघत नव्हते. काल सहज उघडली. ज्या दिवशी आपण दगड बसवला, त्या ११ मेपासून पुन्हा मागणी येते आहे. रोज चार-वीसला. तीच रेघ. पाचवं पान मागत नाही. दुसऱ्याच एका पानाचं नाव आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मी दहा वेळा वाचलं.

घावलास.

हा शब्द तुमच्या पत्राखेरीज मी कुठं वाचलेला नाही. कुणाला सांगितलेला नाही, आईलाही नाही. पत्र कपाटात कुलपात आहे. असं पान साइटवर नाही, म्हणून सर्व्हर रोज त्याला उत्तर देतो, "सापडत नाही".

काय करू? तसं पान करून ठेवू? की चारशेदहा लावून बंद करू? की साइटच उतरवू? आज मी तुमची भाची म्हणून विचारते आहे. मला घरी एकटीला कॉम्प्युटरसमोर बसवत नाही.

पवित्रा

*

गडमुडशिंगी,
२९ मे २००८

चि. पवित्रा,

भिऊ नकोस. ते तुझ्याकडं आलेलं नाही.

पान करू नकोस. तो शब्द आपण लिहायचा नसतो. त्यानं म्हणायचा आणि मी ऐकायचा, असा खेळाचा नेम आहे. चारशेदहाही लावू नकोस आणि साइटही उतरवू नकोस. दिपोटीला, इंजिनला, ज्याला यायचं त्याला येऊ दे. नोंदवही मात्र तू आता उघडू नकोस. तुझं काम झालं, आणि फार चांगलं झालं.

तुझं पत्र पोस्टमननं दुपारी तीनला दिलं. वाचून मी अंगणात बाजल्यावर बसलो. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. एक जुनी सवय आहे, वर्ग रिकामा झाला की मी मोठ्यानं कविता म्हणतो. तसा बसल्या बसल्या ती पाचवी ओळ म्हणून बघितली. सत्तावन्न वर्षांनी. आवाज चांगला लागला, पोरांच्यात लागायचा तसा.

मे महिन्यात गडमुडशिंगीत दुपारी धुकं पडलेलं मी एकाहत्तर वर्षांत पाहिलेलं नाही. आधी उसाचा फड दिसेनासा झाला, मग समोरचं सम्राटचं घर, मग अंगणातलं जास्वंदीचं झाड. अंगाला गार लागलं. घरात घड्याळाकडं वळून बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

हे पत्र तिथंच बसून लिहितो आहे. कागद जरा ओलसर झालाय, शाई पसरली तर माफ कर. मघापासून माझ्या पाठीमागं कुणीतरी धापा टाकत उभं आहे. लांबून धावत आल्यासारखं, लहान मुलाच्या धापा. मी मागं बघत नाही. बघितलं तर खेळ मोडतो.

पाठ जरा सैल करून बसलो आहे. थाप जोरात बसते त्याची.

मामा